एकही अक्षर इकडचं तिकडे नाही!

शुद्धलेखनात एखादं अक्षर राहिलं तर काय होतं? बाई लाल शाईनं गोल करतात आणि अर्धा मार्क जातो. पण एका फार जुन्या गोष्टीत अक्षर चुकलं तेव्हा काय झालं माहीत आहे? एका देवीचे दात पुढे आले आणि दुसरीचा एक डोळाच नाहीसा झाला!

गोष्ट जैन परंपरेतली आहे, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. गुजरातेत गिरनार पर्वताच्या गुहेत धरसेन नावाचे वृद्ध आचार्य राहत होते. महावीरांपासून तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचा एक भाग त्यांना पाठ होता. त्यांना काळजी लागून राहिली होती, की आपण गेलो की हे ज्ञानही आपल्याबरोबर जाणार. म्हणून त्यांनी दक्षिणेतल्या मुनींना निरोप धाडला, की हुशार शिष्य पाठवा. दोघं जण आले. आचार्यांनी त्यांना लगेच शिकवायला घेतलं नाही, आधी परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र दिला. एका मंत्रात मुद्दाम एक अक्षर जास्त घातलं होतं, दुसऱ्यातून एक अक्षर काढलं होतं.

शिष्यांनी मंत्र जपला. देवी प्रकट झाल्या, पण एकीचे दात पुढे आलेले, दुसरी एका डोळ्याची! शिष्य हुशार होते. ते म्हणाले, ‘देवता अशा नसतात. मंत्रातच खोट असणार.’ मग व्याकरण लावून एकानं जास्तीचं अक्षर काढलं, दुसऱ्यानं गाळलेलं घातलं आणि पुन्हा जप केला. आता देवी सुंदर रूपात आल्या. आचार्य खूश झाले आणि दोघांना शिकवू लागले. शिकणारे नुसते पाठ करणारे नव्हते, चूक हुडकणारे होते. त्या दोघांची नावं पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी लिहिलेला ग्रंथ म्हणजे ‘षट्खंडागम’. तो पुरा झाला ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी. जैन लोक आजही तो दिवस श्रुतपंचमी म्हणून पाळतात आणि ग्रंथांची पूजा करतात.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जगातले धर्मग्रंथ हजार, दोन हजार, तीन हजार वर्षं टिकले. तेव्हा छापखाने नव्हते, झेरॉक्स नव्हतं, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायची सोय नव्हती. माणसं पाठ करायची किंवा हातानं उतरवून घ्यायची. आणि माणूस म्हटला की चूक ही होणारच. मग इतक्या पिढ्यांमधून शब्द जसेच्या तसे पोचले कसे? चला, शोधूया. सुरुवात आपल्या सोलापूरपासूनच करू.

सोलापूरचे शेठ आणि ताडपत्रांची पेटी

षट्खंडागमावर पुढे नवव्या शतकात वीरसेन आचार्यांनी ‘धवला’ नावाची भलीमोठी टीका लिहिली. टीका म्हणजे इथे नावं ठेवणं नाही बरं, अर्थ उलगडून सांगणं. काळ गेला, आणि या ग्रंथाच्या जुन्या ताडपत्री पोथ्या उरल्या फक्त एकाच गावी. कर्नाटकातल्या मूडबिद्रीला. भाषा प्राकृत आणि संस्कृत, पण लिपी जुनी कन्नड. लोक पोथ्यांचं दर्शन घ्यायचे आणि हात जोडून परत जायचे. वाचू शकणारे अगदी थोडे.

ताडपत्र म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाचं वाळवलेलं पान. त्याचे शत्रू पुष्कळ: दमट हवा, वाळवी, कसर, बुरशी. शेकडो वर्षांनी पान इतकं ठिसूळ होतं, की उलटतानाच तुकडा पडावा. आणि तुकडा पडला की त्यावरची अक्षरं गेलीच.

आता सोलापूर बघा. इथे शेठ हिराचंद नेमचंद दोशी नावाचे व्यापारी होते. पुढे जहाजं, विमानं आणि मोटारींचे कारखाने उभे करणारे वालचंद हिराचंद हे त्यांचेच चिरंजीव. १८८० च्या दशकात मुंबईचे शेठ माणिकचंद मूडबिद्रीला जाऊन आले आणि पोथ्यांची अवस्था त्यांनी हिराचंदांना सांगितली. हिराचंद स्वतः तिकडे गेले. एकाच गावी पोथ्या उरल्या आहेत आणि त्याही झिजताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ठरवलं, की नक्कल झालीच पाहिजे! वर्गणी जमवली गेली. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय लिहायला बसले. जुन्या लिपीतलं एकेक अक्षर ओळखायचं आणि नव्या कागदावर उतरवायचं. हे काम पंचवीसेक वर्षं चाललं! तुम्ही पहिलीत असताना सुरू झालं असतं, तर तुम्हाला नोकरी लागेपर्यंत संपलं नसतं.

त्या नकलांवरून १९३९ साली अमरावतीत प्राध्यापक हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग छापून काढला. एकूण १६ भाग निघाले. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं हे ग्रंथ पुन्हा छापले. ज्या ग्रंथाची एक पेटी जळाली असती तर सगळं संपलं असतं, तो आता शेकडो ग्रंथालयांत आहे. हा पहिला उपाय लक्षात ठेवा: सगळं एकाच जागी ठेवू नका, प्रती वाढवा.

तेरा वेळा म्हटलेला शब्द

पण लिहिण्याआधीच्या काळात काय? ऋग्वेदात १०२८ सूक्तं आहेत. ती कित्येक शतकं फक्त पाठांतरावर टिकली. गुरू म्हणणार, शिष्य ऐकणार आणि तसंच म्हणणार. यात गडबड होऊ नये म्हणून वेद शिकणाऱ्यांनी म्हणायच्या निरनिराळ्या पद्धती काढल्या. त्यातली सगळ्यात अवघड पद्धत म्हणजे घनपाठ.

आपण ती गावांच्या नावांवर करून बघू. शब्द घेऊ तीन: सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट. घनपाठात ते असे म्हणायचे:

सोलापूर पंढरपूर,
पंढरपूर सोलापूर,
सोलापूर पंढरपूर अक्कलकोट,
अक्कलकोट पंढरपूर सोलापूर,
सोलापूर पंढरपूर अक्कलकोट.

मग एक शब्द पुढे सरकायचं. पंढरपूर, अक्कलकोट आणि पुढचं गाव, समजा बार्शी, घेऊन पुन्हा तोच खेळ. मोजून बघा: ओळीच्या मधला प्रत्येक शब्द एकूण १३ वेळा तोंडात येतो! कधी सरळ, कधी उलट, कधी मागच्या शब्दाला जोडून, कधी पुढच्या. एखादा शब्द गाळायचा म्हटलं, तरी तो १३ ठिकाणी गाळावा लागेल. शब्दांची अदलाबदल केली तर उलट म्हणताना लगेच अडखळायला होईल. म्हणजे तपासणी पाठांतरातच शिवून टाकलेली!

ऋग्वेदाच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या बघायच्या असतील तर त्या पुण्यात आहेत, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत. त्यातली एक तर भूर्ज नावाच्या झाडाच्या सालीवर लिहिलेली आहे. तिथल्या ३० पोथ्यांची नोंद २००७ साली युनेस्कोनं जगाच्या स्मृतिठेव्यात केली.

तीन लाख अक्षरं मोजणारे लेखनिक

ज्यू धर्मीयांचा पवित्र ग्रंथ तोरा. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तो पुस्तकासारखा नसतो. चामड्याची लांबच लांब गुंडाळी असते आणि ती आजही हातानंच लिहितात. तोरात ३,०४,८०५ अक्षरं आहेत. होय, मोजलेली! लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. सोफेरला अख्खा तोरा पाठ असला तरी आठवणीतून लिहायची परवानगी नाही. समोर प्रत ठेवायची, शब्द मोठ्यानं उच्चारायचा आणि मगच लिहायचा. एक तोरा लिहायला साधारण वर्ष लागतं. वाचतानाही अक्षरांना बोट लावत नाहीत. हाताच्या आकाराची छोटी कांडी ओळीवरून फिरवतात.

आपल्या महाराष्ट्रात ज्यू आहेत बरं का. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षांपासून मराठी बोलतात. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी सुट्टी पाळायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी आपल्या धर्मातल्या कथांवर मराठीत कीर्तनंसुद्धा रचली. पुण्यातलं त्यांच्या धर्माचं लाल विटांचं सिनेगॉग सगळ्या शहराला ‘लाल देऊळ’ म्हणून ठाऊक आहे.

पण मोजून लिहिण्याचा खरंच उपयोग होतो का? याची परीक्षा आपोआप झाली. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत गुराखी मुलांना मडक्यांत ठेवलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशया नावाच्या प्रेषिताचा अख्खा ग्रंथ होता, दोन हजार वर्षांहून जुना. तोवर माहीत असलेल्या हिब्रू पोथ्या त्यापेक्षा सुमारे हजार वर्षांनी नव्या होत्या. विद्वानांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. काही फरक निघाले, त्यातले बहुतेक लहानसहान. बाकी मजकूर हजार वर्षांच्या अंतरावरूनही जुळला! दुसरा उपाय सापडला: मोजा.

मागून येणारा आवाज

कुराणात ११४ सूरा आहेत. सूरा म्हणजे अध्याय. ज्याला संपूर्ण कुराण तोंडपाठ असतं त्याला हाफिज म्हणतात. जगात असे लाखो हाफिज आहेत आणि त्यातले कितीतरी तुमच्याच वयाचे असताना हाफिज झालेले असतात. सोलापुरातही मुलं असं पाठांतर करतात.

रमजानच्या महिन्यात रात्री तरावीहची नमाज होते. महिनाभरात सगळं कुराण क्रमानं म्हणून पुरं करायची तेव्हा रीत आहे. पुढे उभा असलेला हाफिज मोठ्यानं म्हणत असतो आणि मागच्या रांगेत दुसरा हाफिज कान देऊन ऐकत असतो. पुढच्याची जीभ कुठे अडखळली, एखादी आयत, म्हणजे ओळ, सुटली, तर मागचा लगेच खरे शब्द म्हणून आठवण करून देतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. उलट मागे असा ऐकणारा असावा म्हणून मुद्दाम सोय करतात.

तिसरा उपाय कळला का? एकट्यानं म्हणू नका, कोणीतरी ऐकणारं हवं.

पंढरपूरचे नामदेव अमृतसरला

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. पंढरपूरला विठोबाच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. वारकरी तिच्यावर पाय ठेवत नाहीत, डोकं टेकवतात. हे संत नामदेव शिंपी समाजातले. कीर्तन करत ते पार पंजाबात पोचले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांच्या आठवणीचा गुरुद्वारा आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते थेट या घुमानला!

पुढे १६०४ साली शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी अमृतसरला ग्रंथ तयार केला. ते सांगत होते आणि भाई गुरदास लिहून घेत होते. त्यात त्यांनी शीख गुरूंबरोबर इतर संतांची पदंही घेतली: कबीर, रविदास, सूफी संत शेख फरीद आणि आपले नामदेव. या ग्रंथाला आज गुरु ग्रंथ साहिब म्हणतात आणि त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. चंद्रभागेकाठच्या संताचे शब्द जगभरातल्या गुरुद्वारांत रोज आदरानं वाचले जातात. आहे की नाही अभिमानाची गोष्ट!

या ग्रंथात कोणी मधेच स्वतःचं पद घुसवू नये म्हणून काय केलं? पदांच्या शेवटी आकडे घातले. कितवं कडवं, कितवं पद, इथवर एकूण किती. एखादं पद वाढवलं किंवा काढलं की पुढची बेरीज चुकणार आणि चोरी उघडी पडणार. शिवाय आज छापलेल्या प्रत्येक प्रतीची पानं १४३०च असतात आणि ठरलेली ओळ ठरलेल्याच पानावर असते. मग ती प्रत अमृतसरची असो, नाहीतर लंडनची. पानाला तिथे पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, कारण शीख या ग्रंथाला जिवंत गुरू मानतात. ही गुरुपदवी दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली दिली. आणि ती दिली कुठे? आपल्या महाराष्ट्रात, नांदेडला!

एकनाथांचं संपादन

सगळीकडे सगळं बिनचूकच राहिलं, असं मात्र समजू नका. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला लिहून झाली. लोकांनी प्रेमानं तिच्या प्रतींवर प्रती केल्या. प्रेम होतं, पण तपासणी नव्हती. तीनशे वर्षांत एका प्रतीत एक शब्द तर दुसरीत दुसरा, असं होऊन बसलं.

पैठणच्या संत एकनाथांना हे खटकलं. त्यांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या, कुठला शब्द खरा असावा याचा विचार केला आणि १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. शेवटी बजावूनही ठेवलं, की या ग्रंथात कोणीही आपली ओवी मिसळू नये. स्वतः एवढे मोठे कवी असून त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात आपला शब्द येऊ दिला नाही!

या कामी त्यांना ओवीचीही मदत झाली असणार. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असतं. सोलापुरी चादर विणताना एक धागा चुकला तर जसा नक्षीत डाग दिसतो, तसा चुकीचा शब्द यमकात आणि तालात लगेच खुपतो. म्हणून गाऊन जपलेले शब्द जास्त टिकतात.

सिद्धरामेश्वरांची सही

सोलापूरच्या तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर तुम्हाला माहीत असेलच. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, उंच नंदीध्वज निघतात. ज्यांच्यासाठी हे सगळं, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी. बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले. ते कन्नडमध्ये वचनं रचायचे. वचन म्हणजे छोटंसं, साध्या बोलीतलं, मनाला भिडणारं बोलणं. वचनात रचणाऱ्याची खूण असते. सिद्धरामेश्वरांची खूण ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’. आपल्याकडे अभंगात ‘तुका म्हणे’ येतं ना, तशीच ही सही. शेकडो शरणांची, म्हणजे शिवभक्तांची, हजारो वचनं, पण खूण बघितली की कळतं कोणाचं कोणतं.

ही वचनंही ताडपत्रांवर घरोघरी विखुरलेली होती. शेजारच्या विजापूरचे वकील फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी गावोगाव हिंडले, पोथ्या गोळा केल्या आणि १९२३ साली वचनांचा मोठा संग्रह छापून काढला. सोलापूरचे शेठ आणि विजापूरचे वकील, दोघांना एकाच गोष्टीनं झपाटलं होतं.

दगड आणि छापखाना

भगवान बुद्धांची शिकवणही आधी भिक्खूंच्या पाठांतरात होती. श्रीलंकेत दुष्काळ आणि लढाया आल्या. पाठ असणारे भिक्खूच उरले नाहीत तर काय, ही धरसेनांचीच काळजी त्यांनाही लागली. म्हणून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे ही शिकवण सांगणारं त्रिपिटक लिहून काढलं. पुढे म्यानमारचे राजे मिंडोन यांनी तर कमाल केली. मंडाले शहरात सगळं त्रिपिटक संगमरवरावर कोरून घेतलं. ७२९ शिळा, दोन्ही बाजूंनी अक्षरं, प्रत्येक शिळेला स्वतःचा छोटा स्तूप! १८६८ साली हे काम पुरं झालं. दगडाला वाळवी लागत नाही.

आणि सोलापूरहून पुण्याला आगगाडीनं जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी. त्या ख्रिस्ती झाल्या, आणि साध्या बायकांना वाचता येईल असं मराठी बायबल हवं म्हणून स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांतून सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं. छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मिशनमधल्या मुली आणि बायका करायच्या. ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं, त्यांच्या हातांनी ग्रंथ तयार झाला! १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तोवर त्या याच कामात होत्या.

करून पाहा: पुस्तकाची गुपित बेरीज

आता गंमत. जुन्या लोकांची मोजण्याची युक्ती आजही तुमच्या दप्तरात आहे! एखाद्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला काळ्या रेघांच्या चौकटीजवळ १३ आकडे शोधा. सुरुवात बहुधा ९७८ नं असेल. त्याला आयएसबीएन म्हणतात.

उदाहरणार्थ: ९७८०३०६४०६१५७.

१. पहिल्या आकड्याला १ नं गुणा, दुसऱ्याला ३ नं, तिसऱ्याला १ नं, चौथ्याला ३ नं. असं शेवटपर्यंत.
२. सगळ्यांची बेरीज करा. आपल्या उदाहरणात ती १०० येते.
३. बेरजेला १० नं भाग गेला, तर क्रमांक बरोबर.

आता मुद्दाम ४ च्या जागी ५ लिहा. बेरीज १०३ होते. भाग जात नाही, चूक सापडली! तेरावा आकडा खास याच पहाऱ्यासाठी ठेवलेला असतो. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडाही असाच पहारेकरी आहे, फक्त त्याचं गणित जास्त अवघड आहे. मोबाइलवर तुम्ही फोटो पाठवता, तेव्हाही अशाच तपासण्या चाललेल्या असतात. गुरु ग्रंथ साहिबमधले आकडे आणि तोरातली मोजलेली अक्षरं यांची जातकुळी हीच.

पण यंत्र फक्त चूक पकडतं. काय जपायचं हे माणसंच ठरवतात. सोफेर, हाफिज, वेदपाठी, मूडबिद्रीचे लेखनिक, केडगावच्या मुली यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांचे धर्म वेगळे, लिपी वेगळी, देवाला हाक मारायची रीत वेगळी. काळजी मात्र सगळ्यांची एकच होती: आपल्याला मिळालं ते पुढच्यांना धड मिळालं पाहिजे. म्हणून दुसऱ्याच्या धर्माचा ग्रंथ समोर आला, की त्यामागे जागलेल्या माणसांसाठी तरी तो आदरानं हातात घ्यायला हवा.

या सुट्टीत एक काम करा. तुमच्या वर्गात वेगवेगळ्या घरची मुलं आहेत. प्रत्येकानं आपल्या आजी-आजोबांना, दादी-नानीला, अज्जा-अज्जीला विचारायचं, की तुम्हाला काय पाठ आहे आणि ते कोणी शिकवलं? ते म्हणतील ते वहीत लिहून घ्या आणि मग त्यांना वाचून दाखवा. अक्षर चुकलं असेल तर ते सांगतीलच, लगेच दुरुस्त करा. म्हणजे जपणाऱ्यांच्या या लांबलचक रांगेत तुम्हीही आलात!